आच्छादित पूल आणि सह्याद्रीतील साकव : पूलरचना व देखभाल यांचा एक तौलनिक विचार
(भुकूम–ताम्हिणी मार्गाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगाव मागे पडले की भुकूम लागते. मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेचे हे गाव आज शहराच्या विस्ताराने जवळजवळ वेढले आहे. याच परिसरात, खाटपेवाडीच्या बाजूस, राम नदीचा उगम आहे. ही लहानशी नदी भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करीत औंधजवळ मुळेला मिळते. भुकूमपासून रस्ता पश्चिमेकडे पौड, मुळशी धरण आणि ताम्हिणी घाट असा कोकणात उतरतो. या अवघ्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वाटेवर पावसाचे मान अनेक पटींनी वाढते. पुणे शहराची वार्षिक सरासरी सुमारे सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ताम्हिणीच्या माथ्यावर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस हा अपवाद मानला जात नाही. २०२४ च्या जुलैमध्ये तर ताम्हिणीत एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. ओढे, ओहळ आणि नाले यांनी चिरलेल्या या प्रदेशात वाडीतून वाडीत जाणे म्हणजे पाणी ओलांडणे होय.

अशा प्रदेशात पुलावर छप्पर घालण्याची कल्पना कोणाला सुचली नसेल काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. युरोप, उत्तर अमेरिका, चीन, व्हिएतनाम व भूतान येथील ग्रामीण भागांत आच्छादित पूल, म्हणजे वर छप्पर आणि बहुधा दोन्ही बाजूंस फळ्यांच्या भिंती असलेले लाकडी पूल, शतकानुशतके बांधले गेले. आपल्यापैकी अनेकांना ते 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' या १९९५ च्या चित्रपटामुळे अथवा परदेशी दिनदर्शिकांवरील चित्रांमुळे परिचित आहेत. घराला छप्पर, विहिरीच्या मोटेला आडोसा, शेतकऱ्याच्या डोक्यावर इरले, अशी पावसापासून बचावाची साधने सह्याद्रीत भरपूर आहेत. पुलाला मात्र छप्पर नाही. या अभावाची कारणे शोधताना पूलरचनेपेक्षा देखभालीच्या प्रश्नावर अधिक प्रकाश पडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या दिशेने केलेला हा विचार आहे.

छप्पर नेमके कोणासाठी?

आच्छादित पुलांविषयी लोकसमजुती पुष्कळ आहेत. प्रवाशांना पावसात आसरा मिळावा म्हणून छप्पर घातले, घोड्यांना खालचे पाणी दिसून ते बुजू नयेत म्हणून भिंती उभारल्या, पुलावर बर्फ साचू नये म्हणून आच्छादन केले, अशी कारणे सांगितली जातात. यातील शेवटचे कारण तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात घसरगाड्या चालत. त्या पुलावरून सरकाव्यात म्हणून गावकऱ्यांना बाहेरचे बर्फ मुद्दाम आत आणून पुलाच्या तळावर पसरावे लागे, आणि त्यासाठी माणसाला मजुरी दिली जाई!

खरे कारण साधे आहे. छप्पर प्रवाशासाठी नसून पुलाच्या लाकडासाठी असते. लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला पाणी लागते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांच्या खाली राहिले तर कुजविणारी बुरशी त्यात जगू शकत नाही. लाकडाचे तंतू पाण्याने पूर्ण भरतात ते अठ्ठावीस ते तीस टक्क्यांच्या सुमारास, आणि त्यापुढे कुजण्याची क्रिया वेगाने होते. सपाट पृष्ठभागावर पडलेला पाऊस वाऱ्याने व उन्हाने वाळून जातो. परंतु जेथे दोन लाकडे एकमेकांत बसविलेली असतात त्या खोबणीत पाणी शिरले की ते तेथेच राहते. लाकडाची आडवी कापलेली टोकेही नळीप्रमाणे पाणी आत ओढून घेतात. पुलाची सर्व ताकद त्याच्या सांध्यांत असते आणि कुज सर्वांत आधी सांध्यांतच सुरू होते. म्हणूनच उघडा लाकडी पूल वरून धडधाकट दिसत असतानाही आतून मोडकळीस आलेला असू शकतो.

अमेरिकेतील पहिल्या मोठ्या आच्छादित पुलाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. फिलाडेल्फिया येथे स्कूलकिल नदीवर टिमथी पामर या सुतार-अभियंत्याने बांधलेला पूल १८०५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यावर छप्पर घालावे अशी सूचना पूल कंपनीचे अध्यक्ष न्यायमूर्ती रिचर्ड पीटर्स यांनी केली व पामरनेही तिला दुजोरा दिला. उघडा राहिल्यास पूल दहा-बारा वर्षे टिकेल आणि नीट झाकल्यास तीस-चाळीस वर्षे, असा त्याचा अंदाज होता. पुढील अनुभवाने हा अंदाज फारच सावध ठरला. शंभर-दीडशे वर्षे उभे असलेले आच्छादित पूल अमेरिकेत आजही पाहावयास मिळतात. छप्पर आणि भिंती यांचा खर्च मूळ रचनेच्या मानाने थोडा, आणि त्या खराब झाल्या तर बदलता येतात. बदलता न येणारी कैची मात्र कोरडी राहते. स्वस्त भागाचा त्याग करून महाग भाग वाचवावयाचा, हे आच्छादित पुलाचे सूत्र होय.

कैचीची रचना

येथे रचनेविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. ओढ्यावर नुसती तुळई टाकली तर तिच्या लांबीला मर्यादा पडते. लांबी दुप्पट केली आणि तुळईवर दर मीटरला पडणारा भार तोच राहिला, तर तिच्या मध्यावरील वाक आणणारा प्रभाव चौपट होतो. त्यामुळे सहा-सात मीटरच्या पुढे एकाच ओंडक्यावर विसंबणे अवघड होत जाते. घराच्या छपराखाली सुतार जी त्रिकोणी कैची बसवितो तिचाच उपयोग पुलाला करता येतो. दोन तिरपी लाकडे मध्यभागी एका उभ्या खांबाशी मिळतात. हा खांब वरून लोंबतो आणि खालची तुळई मध्यावर उचलून धरतो. येथे विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की खांब असे आपण ज्याला म्हणतो तो येथे भार पेलत नाही, तो ताणला जातो. तिरपी लाकडे दाबली जातात. त्रिकोणाच्या बाजू न बदलता त्याचा आकार बदलता येत नाही, एवढ्या एका भूमितीय सत्यावर सर्व कैच्या उभ्या आहेत.

याच तत्त्वाचा विस्तार पुढे अनेकांनी केला. थिओडोर बर याने कैचीला लाकडी कमान जोडली. कनेक्टिकट येथील वास्तुविशारद इथिएल टाउन याने १८२० मध्ये फळ्यांच्या तिरप्या जाळीच्या रचनेचे एकस्व मिळविले. तिचे वैशिष्ट्य असे, की मोठी तुळई लागत नाही. सामान्य लाकूड वखारीतील सारख्या मापाच्या फळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून लाकडी खुंट्यांनी जोडल्या की झाले, आणि हे काम फारसे कुशल नसलेल्या गावच्या सुतारालाही जमते. टाउन पुलाच्या प्रत्येक फुटामागे एक डॉलर घेत असे. न विचारता कोणी बांधल्याचे आढळल्यास दोन. विल्यम हाउ याने १८४० मध्ये ताण घेणाऱ्या उभ्या भागांसाठी लोखंडी सळ्या वापरल्या, आणि तेथूनच लाकडी पुलाकडून लोखंडी पुलाकडे जाणारी वाट सुरू झाली.

छपराचे रचनेतही एक काम असते. उंच, अरुंद कैच्या वाऱ्याने बाजूला कलंडू शकतात. वरच्या बाजूस त्यांना एकमेकींशी तिरप्या लाकडांनी जखडले की पूल एखाद्या पेटीसारखा ताठ होतो. छपराचे वासे या जखडणीतच सामावतात. अर्थात भिंतींवर वारा अडतो व त्याचा जोरही वाढतो. म्हणून अनेक ठिकाणी भिंती अर्ध्याच ठेवीत.

पावसाळी प्रदेशांतील उदाहरणे

थंड हवामानातील सूचिपर्णी लाकडाशीच हा प्रकार जोडलेला आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील चौदाव्या शतकातील कापेलब्र्युके हा सर्वांत प्रसिद्ध पूल असला, तरी आशियातील परंपरा कमी प्राचीन नाही. चीनच्या फुजियान व चेजियांग प्रांतांतील लाकडी कमानींच्या पुलांवर देवघरे, बाके आणि बाजार यांसाठी जागा असते. तेथील पूलबांधणीच्या कौशल्याची नोंद २००९ मध्ये युनेस्कोने तातडीने जतन करावयाच्या वारशांच्या यादीत केली. ग्वांगशीमधील दोंग लोकांच्या अशा पुलांना 'वारा-पावसाचे पूल' म्हणतात. त्यांपैकी चेंगयांग येथील पूल १९१२ नंतरच्या दशकात बांधला गेला. व्हिएतनाममधील होई आन येथील आच्छादित पूल तर ज्या हवामानात उभा आहे ते आपल्या कोकणाच्या हवामानापासून फार दूरचे नाही. भूतानमध्ये दोन्ही काठांवरून पुढे पुढे सरकत जाणाऱ्या तुळयांचे छपरी पूल आहेत. पुनाखा येथील असा जुना पूल विसाव्या शतकाच्या मध्यास पुरात वाहून गेला व २००८ मध्ये त्याच जागी नवा उभारण्यात आला.

म्हणजे पाऊस आहे म्हणून छप्पर असते, किंवा उष्ण हवा आहे म्हणून नसते, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत.

साकव, पूल आणि सेतू

मराठीत पाणी ओलांडण्याच्या साधनास तीन शब्द आहेत आणि तिघांचे कूळ वेगवेगळे आहे. 'सेतू' हा संस्कृत शब्द बांधणे या अर्थाच्या धातूपासून आलेला असून त्याचा अर्थ बांध व पूल असा दुहेरी आहे. 'पूल' हा फारसीतून आला. 'साकव' हा मात्र संस्कृत 'संक्रम' या शब्दापासून प्राकृतातून घरंगळत आलेला मानला जातो, आणि तिघांत लोकव्यवहाराशी सर्वांत जवळचा तोच आहे. सेतू ग्रंथांत राहिला, पूल सरकारने बांधला, साकव गावाने घातला. साकव 'बांधला' यापेक्षा 'घातला' हेच क्रियापद कानाला अधिक ओळखीचे वाटते, हेही लक्षणीय आहे.

पारंपरिक साकव म्हणजे ओहळाच्या अरुंद जागी, काठांवरील खडकांचा अथवा रचलेल्या दगडांचा आधार घेऊन टाकलेले दोन-तीन ओंडके. कोकणात त्यासाठी माडाची किंवा पोफळीची खोडे वापरतात, घाटमाथ्यावर रानात मिळेल ते लाकूड. ओंडक्यांवर फांद्या किंवा बांबूची कामटी आडवी बांधतात आणि धरावयास एका बाजूस बांबूचा कठडा करतात. बांधणीला खिळा लागत नाही. काथ्या, वेल किंवा दोर पुरतो. पावसाळा तोंडावर आला की गावकरी एकत्र येऊन एक-दोन दिवसांत हे काम उरकतात. कोकणातील काही वाड्यांतून श्रमदानाने साकव घालण्याची ही पद्धत अलीकडेपर्यंत टिकून राहिलेली दिसते.

या रचनेत लाकूड वाचविण्याचा कोणताही प्रयत्न नाही. पोफळीचे खोड एक-दोन पावसाळ्यांत कुजणार, हे घालणाऱ्याला ठाऊक असते. मोठा पूर आला तर ते वाहून जाणार, हेही ठाऊक असते. पण येथेच सह्याद्रीचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. येथील ओढे उताराचे व लहान पाणलोटाचे आहेत. घाटमाथ्यावर तासभर पाऊस कोसळला की ओढा पुरुषभर चढतो आणि दुपारपर्यंत उतरतो. पाण्याबरोबर मुळासकट उपटलेली झाडे व दगडगोटे येतात. अशा प्रवाहात भिंती असलेला जड आच्छादित पूल म्हणजे नदीच्या तोंडावर धरलेला अडसरच ठरेल. आयरीन वादळात २८ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील बार्टन्सव्हिल येथील १८७० चा जाळीचा आच्छादित पूल पाहता पाहता वाहून गेला. एकशे चाळीस वर्षे पावसापासून वाचलेले लाकूड एका दुपारच्या पुराने नेले! छप्पर वरून येणाऱ्या पाण्यापासून वाचविते, खालून चढणाऱ्या पाण्यापासून नाही.

दुसरे कारण वाहतुकीचे आहे. आच्छादित पूल बांधले गेले ते बारमाही चालणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्याकडे घाटवाटांवर मालाची ने-आण मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई, आणि चातुर्मासात ती थांबे. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे हा नुसता धार्मिक संकेत नव्हता. नद्या उतरणीला लागण्याचाही तो काळ होता. उरलेल्या आठ महिन्यांत उताराच्या जागा पायी ओलांडता येत. पावसाळ्यात पलीकडच्या शेतावर जाणाऱ्या, गुरे नेणाऱ्या किंवा वैदूला बोलावू धावणाऱ्या माणसापुरता साकव पुरेसा होता.

तिसरे कारण दगडाचे. जेथे राजसत्तेला कायमचा पूल हवा होता तेथे हाताशी काळा पाषाण होता आणि कमान रचणारे पाथरवटही होते. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार येथे कोयनेवर असलेला दगडी कमानींचा पूल परंपरेने शिवकालीन मानला जातो व तो अद्याप वापरात आहे. दगडाला छप्पर लागत नाही. अशा रीतीने एका टोकाला वर्षा-दोन वर्षांचा साकव आणि दुसऱ्या टोकाला शतकांचा दगडी पूल, अशी विभागणी झाली. पन्नास-शंभर वर्षे टिकवावयाचा लाकडी पूल ही मधली जागा रिकामीच राहिली.

या रिकाम्या जागेचा एक पुरावा पुण्यातच आहे. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने मुठेवर लाकडी पूल घालण्यात आला असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी दगडी पूल आला. १९६१ च्या पानशेत पुरात त्याची मोठी हानी झाली. त्याचे नाव अधिकृतपणे संभाजी पूल असे झाले. तरीही पुणेकर त्याला 'लकडी पूल' असेच म्हणतात. जेथे सर्वच पूल लाकडाचे असतात तेथे एखाद्यास 'लकडी' असे नाव पडत नाही. संगमावरील वेलस्ली पूलही आरंभी लाकडीच होता व १८७५ मध्ये तेथे दगडी पूल झाला. हे दोन्ही पूल उघडे होते, आणि दोन्हींच्या बाबतीत उत्तर छप्पर घालण्याचे नव्हे, तर साहित्य बदलण्याचे दिले गेले.

शाकारणी

घराच्या बाबतीत मात्र आपण वेगळे उत्तर दिले होते. दर वैशाख-ज्येष्ठात घरे शाकारली जात. गवती छप्पर असेल तर नवा पेंढा, कौले असतील तर ती उतरवून, फुटकी वेगळी करून, पुन्हा बसविणे. कोकणात पश्चिमेच्या भिंतीला झडी बांधल्या जात. शाकारणीचे खरे मोल गळती थांबविण्यापुरते नव्हते. कौले उतरली की वासे उघडे पडत. कोणता वासा वाळवीने खाल्ला, कोणत्या आढ्याला भेग पडली, हे वर्षातून एकदा मालकाला डोळ्यांनी दिसे व हाताने चाचपता येई. म्हणजे शाकारणी ही वार्षिक तपासणी होती. फक्त तिला ते नाव नव्हते.

साकवाचेही तेच. दरवर्षी नव्याने घालावयाचा म्हणजे दरवर्षी काठाचा दगड तपासावयाचा, ओंडका निवडावयाचा, बांध आवळावयाचा. जी वस्तू दरवर्षी करावी लागते तिची जबाबदारी कोणाची, हे विसरले जात नाही. यात आणखी एक गुण आहे, ज्याकडे अभियंत्यांचे सहसा लक्ष जात नाही. साकव हलतो. त्यावर चौथा माणूस चढला की पहिला मागे वळून ओरडतो. भार किती झाला हे त्या डुगडुगण्यातूनच कळते, त्यासाठी फलक लावावा लागत नाही.

याच जातीचे एक आधुनिक उदाहरण म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. त्याच्या खांबांमधील फळ्या पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात आणि पूर ओसरल्यावर पाणी अडविण्यासाठी पुन्हा बसवितात. अनेक गावांत याच बंधाऱ्याच्या माथ्यावरून पायी व दुचाकीवरून ये-जा चालते. प्रवाहाशी झुंजण्याऐवजी त्याला वाट करून देणे, आणि त्यासाठी वर्षातून दोनदा माणसाने हात लावणे बंधनकारक करणे, हे तत्त्व साकवाशी नाते सांगणारे आहे. बर्गे चोरीला गेले किंवा वेळेवर बसविले नाहीत तर बंधारा निकामी होतो, ही त्याची उणीव खरी. पण ती उणीव लगेच दिसते, तीस वर्षांनी नाही.

लोखंड, काँक्रीट आणि 'कव्हर'

स्वातंत्र्योत्तर काळात लाकडी साकवांची जागा लोखंडी व सिमेंट-काँक्रीटच्या लहान पुलांनी घेतली. शासकीय परिभाषेत त्यांनाही 'साकव' असेच म्हणतात, आणि डोंगरी भागात त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या योजनेतून निधी दिला जातो. शब्द तोच राहिला, वस्तू पूर्ण बदलली. या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. ओंडक्यावरून घसरून ओढ्यात पडलेल्या माणसांची मोजदाद कोणी ठेवली नव्हती, आणि पाठीवर दप्तर घेऊन पावसात साकव ओलांडणाऱ्या मुलांच्या आयांना त्यात काही रम्य वाटत नसे.

परंतु नव्या साहित्यालाही छप्पर लागते, ही गोष्ट दृष्टिआड झाली. काँक्रीटच्या पुलाचे छप्पर त्याच्या आतच असते. सळईच्या बाहेर काँक्रीटचा जो थर राहतो त्याला बांधकामावरचे मुकादमही 'कव्हर' म्हणतात. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत त्याची जाडी परिस्थितीनुसार ठरवून दिली आहे : सौम्य परिस्थितीत २० मिलिमीटर, मध्यम परिस्थितीत ३०, तीव्र परिस्थितीत ४५, अतितीव्र परिस्थितीत ५० आणि टोकाच्या परिस्थितीत ७५. ताज्या काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजत नाही. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत झिरपत जातो आणि हा गुण नाहीसा करीत सळईपर्यंत पोहोचतो. सळई गंजली की ती फुगते, कव्हर फुटते, पाणी थेट आत शिरते. कव्हर किती जाड आणि काँक्रीट किती घट्ट, यावर पुलाचे आयुष्य ठरते. लाकडी पुलाच्या छपरावरील फुटके कौल रस्त्यावरून दिसते. वीस मिलिमीटरच राहिलेले कव्हर सळई गंजून काँक्रीटचा ढलपा पडेपर्यंत दिसत नाही. लोखंडी पुलाच्या बाबतीत रंगाचा थर हेच छप्पर होय, आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा घालावे लागते. दोन पट्ट्या जेथे रिव्हेटने किंवा बोल्टने जोडल्या आहेत तेथे पाणी साचते. लाकडातील खोबणीची कथा येथे पुन्हा घडते.

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह वाहने वाहून गेली. नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला, हे अभियांत्रिकीचे यश निःसंशय मोठे होते. तथापि १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील सुमारे तीस वर्षांचा लोखंडी पूल कोसळला. रविवार होता, पर्यटकांची गर्दी होती. चौघांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. हा पूल धोकादायक असल्याचे जाहीर झालेले होते, आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. मंजुरी आणि बांधकाम यांच्यामधल्या काळात पुलाचा वापर कोणी थांबवावयाचा, हा प्रश्न तेवढा उरला होता.

थोडे गणित करून पाहू. पायी पुलावर गर्दीचा भार दर चौरस मीटरला ५०० किलोग्रॅम धरण्याचा संकेत आहे. बारा मीटर लांब व दीड मीटर रुंद अशा वाडीवरच्या पुलाचे क्षेत्रफळ अठरा चौरस मीटर, म्हणजे भार नऊ टन. रोज वीस-पंचवीस गावकरी वापरतात तोपर्यंत पुलाने या भाराचा दहावा हिस्साही पाहिलेला नसतो. त्यामुळे गंजून त्याची ताकद निम्मी झाली तरी तो कुरकुरत नाही. मग एका रविवारी शंभर माणसे छायाचित्रे काढण्यासाठी त्यावर एकदम उभी राहतात. ओंडक्यांचा साकव पाचव्या माणसालाच बोलला असता.

सार्वजनिक बांधकाम खात्यात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पुलांची पाहणी करण्याची पद्धत आहे, आणि महामार्गावरील पुलांबाबत ती बऱ्याच अंशी पाळली जाते. अडचण येते ती वाडीवस्तीच्या पुलांची. एक पूल ग्रामपंचायतीने, दुसरा जिल्हा परिषदेने, तिसरा एखाद्या लोकप्रतिनिधीच्या निधीतून, चौथा धरणाच्या कामाबरोबर, असे ते उभे राहतात. उद्घाटनाचा दगड असतो. पुढच्या रंगकामाची तारीख कोठे कोरलेली नसते.

छपराचे पुनरागमन?

आच्छादित पूल आपल्याकडे नव्याने बांधावेत काय, असा प्रश्न काही वास्तुविशारद विचारू लागले आहेत. कर्जत परिसरात 'वॉलमेकर्स' या केरळच्या वास्तुशिल्पसंस्थेने, विनू डॅनिएल यांच्या संकल्पनेनुसार, ओढ्याच्या दोन काठांना जोडणारे पुलासारखे एक घर उभारले आहे. लोखंडी नळ्या व तारांनी ताण घ्यावयाचा आणि माती व गवताच्या आच्छादनाने दाब पेलावयाचा, अशी त्याची योजना आहे. प्रयोग म्हणून तो निश्चितच पाहण्यासारखा आहे. पण ते खाजगी घर आहे, आणि घराची शाकारणी मालक करतो. मुळशीतील एखाद्या वाडीच्या ओढ्यावर असे छप्पर घातले तर पहिल्या वादळात उडालेला पत्रा कोणी बसवावयाचा, हाच प्रश्न पुन्हा समोर येईल. ताम्हिणीच्या वाऱ्यात छप्पर खाली दाबले जाण्यापेक्षा वर उचलले जाण्याचा धोका अधिक असतो, हेही विसरून चालणार नाही.

आमच्या मते आच्छादित पुलाकडून घ्यावयाचे ते छप्पर नव्हे, त्यामागील हिशेब. पूल बांधतानाच त्याचा कोणता भाग झिजावयाचा आणि तो किती वर्षांनी बदलावयाचा हे ठरविणे, व त्या बदलाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरणे, हा तो हिशेब होय. कॅलेंडरवरच्या त्या देखण्या पुलांची छपरे आजवर अनेकदा बदलली गेली आहेत. ल्युसर्नचा पूल १८ ऑगस्ट १९९३ च्या आगीत बहुतांश जळाला आणि पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडला गेला. त्यातील मूळ लाकूड आता किती उरले हे तेथील लोकांना महत्त्वाचे वाटत नाही, आपला पूल चालू आहे हे वाटते.

या संदर्भात ग्रामीण भागातील महाविद्यालयांना करता येण्याजोगे एक काम आहे. मुळशी, मावळ, वेल्हे या तालुक्यांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. भूगोल, मराठी आणि इतिहास या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एकेका ओढ्यावरील ओलांडण्याच्या सर्व जागांची नोंद करावी : मोरी, फरशी, लोखंडी साकव, बंधारा, उतार. बांधल्याचे वर्ष, बांधणारी यंत्रणा, लांबी-रुंदी, कोठे गंज दिसतो, कोठे कव्हर सुटले आहे, पाणी जाण्याची छिद्रे मोकळी आहेत की बुजलेली. भुकूमसारख्या गावापासून, म्हणजे राम नदीच्या उगमापासून, आरंभ केल्यास एका नदीचा पूर्ण पट एका शैक्षणिक वर्षात तयार होऊ शकेल, कारण नदी लहान आहे. त्याचबरोबर सत्तरी-ऐंशीच्या घरातील माणसांना तीन गोष्टी विचाराव्यात : लाकडी साकव गावाने शेवटचा कधी घातला, त्यासाठी कोणते झाड तोडीत, आणि त्या दिवशी कामाला कोणी यावयाचे हे कोण ठरवी.